अनवाणी सवंगड्यांसाठी

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात गाण्याचा तास बहुधा शेवटचा असतो. गणिताचा धडा मागे राहिला की तो तास गणिताला जातो, स्नेहसंमेलन जवळ आले की नाचाच्या तालमीला जातो, आणि यातले काहीच नसले तर मुले तो दंग्यात घालवतात. एक ईशस्तवन, पाहुण्यांसाठी एक स्वागतगीत आणि पंधरा ऑगस्टची दोन समूहगीते, एवढी त्याची वर्षाची मिळकत. ज्याचा आवाज बरा त्याला पुढच्या रांगेत उभे करायचे आणि ज्याचा बरा नाही त्याला मागे ठेवून नुसते ओठ हलवायला सांगायचे, ही रीत इतकी जुनी आहे की तिच्यात काही चुकते आहे असे कुणाला वाटतही नाही. ओठ हलवणारे ते मूल मोठे झाल्यावर आपल्याला गाण्यातले काही कळत नाही, असे हसत हसत सांगते आणि आपणही ते खरे मानतो.

हा दोष त्या मुलाचा नसून शिकवण्याचा आहे, असे ठामपणे मानणारा एक माणूस हंगेरीत होऊन गेला. झोल्तान कोडाय हे त्याचे नाव. तो शाळामास्तर नव्हता. युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांत ज्याच्या रचना वाजत, असा तो संगीतकार होता. चाळिशी ओलांडली होती, कीर्ती ऐन भरात होती, आणि अशा वेळी तो सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी दोन-दोन ओळींचे धडे लिहायला बसला. पुढची चाळीस वर्षे तो त्यातून उठला नाही.

कोडायांचा जन्म १६ डिसेंबर १८८२ चा, केचकेमेट या गावचा. वडील रेल्वेत नोकरीला होते. रेल्वेतल्या माणसाचे घर बदलीच्या हुकुमाबरोबर हलते, ते आपल्याकडेही काही वेगळे नाही. झोल्तान तीन वर्षांचा असताना हे कुटुंब गालांटा या लहान गावी आले आणि सात वर्षे तिथे राहिले. वडील हौसेने व्हायोलिन वाजवत, आई पियानो वाजवी आणि गाई. घरात संध्याकाळी चार माणसे जमून वाजवीत बसत. पण झोल्तानच्या कानावर दुसरेही एक संगीत पडत होते. गावच्या शाळेतली त्याच्या बरोबरीची मुले शेतकऱ्यांची होती. ती अनवाणी शाळेत येत आणि खेळताना गात. त्या खेळांतल्या गाण्यांच्या चाली स्टेशनमास्तरच्या दिवाणखान्यातल्या चालींपेक्षा निराळ्या होत्या. मुलाने तेव्हा त्याचा काही विचार केला नसणार. त्याने फक्त ऐकले आणि ते राहून गेले.

पुढे त्रनावा गावच्या शाळेत तो समूहगानात गाऊ लागला, शाळेच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. घरच्या बैठकीत चेलो हे वाद्य वाजवणारा माणूस कमी पडत होता, म्हणून चेलो आपला आपणच शिकला. १९०० साली तो बुडापेस्टला आला. विद्यापीठात भाषांचा अभ्यास आणि संगीत अकादमीत रचनेचा अभ्यास, असे दोन्ही त्याने एकदम आरंभले.

त्या वेळची हंगेरी ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या छत्राखाली होती. संगीताच्या वर्गात आदर्श जर्मन, शिस्त जर्मन. शहरातल्या सुशिक्षितांना हंगेरियन संगीत म्हणजे हॉटेलांतून जिप्सी वादक वाजवीत ती लोकप्रिय गाणी, असे वाटे. खेड्यात खरोखर काय गायले जाते हे पाहायला फारसे कुणी गेले नव्हते. १९०५ साली बावीस वर्षांचे कोडाय गेले. गालांट्याच्या आसपासची खेडी त्यांनी पालथी घातली. म्हाताऱ्या बायका, गुराखी, शेतमजूर यांना गायला सांगायचे आणि ते टिपून घ्यायचे. पुढे मेणाच्या नळकांड्यावर आवाज उमटवणारे फोनोग्राफचे यंत्रही सोबत आले. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांना जो अनुभव येतो तोच तिथेही होता. बाई आधी लाजते, मग एक ओळ सांगते, आणि एकदा सूर लागला की उठू देत नाही.

याच सुमारास त्यांची बेला बार्टोक यांच्याशी गाठ पडली. बार्टोक सुमारे पावणेदोन वर्षांनी मोठे. दोघांची मैत्री संगीताच्या इतिहासात गाजली. १९०६ साली दोघांनी मिळून वीस लोकगीते पियानोच्या साथीसह छापली. शहरी गिऱ्हाईक त्या पुस्तकाकडे फारसे फिरकले नाही. त्याच वर्षी लोकगीतांच्या कडव्यांच्या बांधणीवर प्रबंध लिहून कोडाय डॉक्टर झाले.

या भटकंतीत त्यांना जे सापडले ते मराठी वाचकाला चटकन समजेल असे आहे. हंगेरीतल्या जुन्यात जुन्या चाली पाच स्वरांच्या होत्या. आपण भूप रागात सा, रे, ग, प, ध घेतो आणि मध्यम-निषाद वर्ज्य करतो, तीच ही मंडळी. फरक एवढाच की त्या चाली बहुतेक धैवतावर येऊन टेकतात. वर्गात शिकवले जाणारे सात स्वरांचे जर्मन व्याकरण आणि शेतात गायले जाणारे पाच स्वरांचे गाणे, यांत कोणते आपले, हा प्रश्न कोडायांच्या मनात तेव्हापासून पक्का झाला.

१९०७ पासून ते अकादमीत शिकवू लागले. १९१० साली त्यांनी एम्मा या विदुषीशी लग्न केले. ती स्वतः संगीत जाणणारी होती आणि वयाने त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठी होती. लोकांनी काय बोलायचे ते बोलून घेतले असेल. संसार मात्र ती १९५८ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे चालला. पहिले महायुद्ध संपले तेव्हा हंगेरीचा दोन-तृतीयांश मुलूख तुटला आणि गालांटाही परदेशात गेले. १९१९ सालच्या अल्पजीवी साम्यवादी राजवटीत कोडाय अकादमीचे उपसंचालक होते. राजवट कोसळताच त्यांच्यावर चौकशी बसली आणि शिकवणे काही काळ थांबले.

त्यातून ते वर आले ते १९२३ साली. बुडा आणि पेस्ट ही शहरे एक झाल्याला पन्नास वर्षे झाली, त्या सोहळ्यासाठी त्यांनी एका जुन्या हंगेरियन स्तोत्रावर मोठी रचना केली. एक गायक, प्रचंड समूह आणि वाद्यवृंद अशी ती ‘साल्मुस हुंगारिकुस’ नावाची कृती पुढे युरोपभर गेली. तिच्या नंतरच्या एका कार्यक्रमात बुडापेस्टच्या एका शाळेतली मुले समूहात गायला उभी राहिली. पोरे इतकी स्वच्छ गायली की कोडाय थक्क झाले. मुलांना येत नाही ही समजूत खोटी आहे, याचा पुरावाच त्यांच्यापुढे उभा होता. १९२५ साली त्याच शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी दोन समूहगीते लिहिली.

त्याच वर्षाची आणखी एक हकीकत सांगतात. बुडाच्या टेकड्यांवर फिरायला गेले असता त्यांना सहलीला आलेल्या काही मुली गाताना दिसल्या. त्या शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत होत्या, आणि त्यांच्या तोंडी अगदी सवंग गाणी होती. उद्या याच मुली खेड्यापाड्यांच्या शाळांत जाणार आणि हेच शिकवणार, हा विचार कोडायांच्या डोक्यातून जाईना. कादंबरी लिहिणाऱ्याला असे वळण सापडले तर तो पुढच्याच प्रकरणात नायकाकडून मोठी प्रतिज्ञा करून घेईल. कोडाय घरी आले आणि मुलांच्या गाण्याच्या पुस्तकांची पाने उलटू लागले. पाहतात तो काय, मुलांसाठी म्हणून छापलेले बरेचसे भिकार होते. कुणीही चांगल्या संगीतकाराने हे काम आपल्या योग्यतेचे मानले नव्हते.

१९२९ साली मुलांच्या समूहगानावर त्यांनी एक लेख लिहिला. त्यात त्यांनी मांडलेला हिशोब बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला फार पटतो. किशवार्दा हे हंगेरीच्या कोपऱ्यातले एक लहान गाव. तिथल्या शाळेत गाणे कोण शिकवतो, हे राजधानीच्या ऑपेराचा संचालक कोण आहे यापेक्षा महत्त्वाचे आहे, असे त्यांचे म्हणणे. संचालक वाईट निघाला तर वर्षभरात उघडा पडतो आणि जातो. वाईट मास्तर मात्र तीस वर्षे टिकतो आणि तीस वर्गांच्या मनातली गाण्याची आवड मारून मग निवृत्त होतो. बँकेत बुडीत कर्ज निदान ताळेबंदात दिसते. शाळेतले हे नुकसान कुठल्याच कागदावर येत नाही, म्हणून त्याची वसुलीही होत नाही.

मग शिकवायचे कसे? कोडायांनी याचे उत्तर शोधताना सगळे स्वतःच निर्माण करण्याचा अट्टहास केला नाही. १९२७ मध्ये ते इंग्लंडला गेले होते. तिथली साधी माणसेही कागदावरचे संगीत वाचून समूहात गातात हे त्यांनी पाहिले. त्यामागे एकोणिसाव्या शतकातल्या सारा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांनी रुळवलेली डो-रे-मीची पद्धत होती. तिचे मर्म आपल्याला समजावून सांगण्याची गरजच नाही. फ्रान्स-इटलीत ‘डो’ म्हणजे पियानोची एक ठरावीक पट्टी. या पद्धतीत मात्र डो हलता. जिथे धरावा तिथून पुढचे स्वर त्याच्या नात्याने ओळखायचे. आपल्याकडे एकाचा सा काळी एकमध्ये, दुसरीचा काळी पाचमध्ये. पण सा तो सा आणि पंचम तो पंचम. आपण ज्या गोष्टीत जन्मतो ती युरोपातल्या शाळेत नेण्यासाठी त्या गृहस्थांना हाडाची काडे करावी लागली.

कर्वेनने प्रत्येक स्वराला हाताची एक खूण दिली होती. सा म्हणजे मिटलेली मूठ, गंधार म्हणजे आडवा सपाट तळवा, मध्यमाला अंगठा खाली, निषादाला वरच्या साकडे दाखवणारे बोट. ‘सा’ कमरेपाशी, वरचा ‘सा’ कपाळापाशी. स्वर चढला की हात चढतो, आणि मुलाला जे नुसते कानाला कळत होते ते डोळ्याला आणि हातालाही कळते. फ्रान्सकडून त्यांनी लयीचे बोल घेतले. एका मात्रेला ‘ता’, अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या जोडीला ‘ती-ती’. तबल्याचा कायदा आधी तोंडाने म्हणणाऱ्या आपल्या मुलांना यात नवल वाटू नये.

क्रम मात्र त्यांनी पुस्तकाचा न ठेवता मुलाचा ठेवला. सारेगमपधनीसा ही सरळ शिडी मोठ्या माणसाला सोपी वाटते, लहान मुलाला नाही. शिडीतल्या जवळजवळच्या जागा, म्हणजे गंधार-मध्यम आणि निषाद-षड्ज, मुलाच्या गळ्यात नीट बसत नाहीत. उलट गच्चीवरून मित्राला लांबून हाक मारताना किंवा कुणाला चिडवताना मूल न शिकवता पंचमावरून गंधारावर उतरते. तेव्हा आरंभ तिथून करायचा. प-ग नंतर धैवत, मग सा आणि रे. झाला भूप. या पाच स्वरांत मूल खेळू लागले की मग मध्यम आणि निषाद द्यायचे. आणि हे सारे खेळातल्या गाण्यांतून, आपल्या झिम्मा-भोंडल्यासारख्या फेर धरून म्हणण्याच्या गाण्यांतून. गाणे आधी, स्वराचे नाव नंतर, लिहिणे त्याच्याही नंतर.

वर्गात पियानो नको, हा त्यांचा आग्रह होता. बाहेरच्या वाद्याला टेकून गाणारा गळा स्वतःचा सूर शोधत नाही. पेटीबद्दल आपल्या बुजुर्ग गवयांची तक्रार हीच होती. त्याऐवजी एका गटाने एक ओळ, दुसऱ्याने दुसरी ओळ एकाच वेळी गायची, म्हणजे दोघांना एकमेकांचे ऐकावेच लागते. मुलांना फार आवडणारी आणखी एक गंमत या वर्गांत असते. गाणे चालू असता शिक्षक खूण करतो, सगळे गप्प होतात, पण गाणे मनात चालू ठेवतात. दुसरी खूण झाली की सगळे पुन्हा मोठ्याने, बरोबर त्याच अक्षरावर. बाहेर शांतता आणि आत गाणे, ही ताकद ज्याला सातव्या वर्षी मिळाली तो पुढे गवई होवो न होवो, श्रोता म्हणून श्रीमंतच राहणार.

अशा वर्गांसाठी कोडाय लिहीत राहिले. १९३७ मध्ये ‘बिसिनिया हुंगारिका’ या दुपदरी गाण्यांच्या मालिकेचा पहिला भाग निघाला. गालांट्याच्या शाळेतल्या आपल्या अनवाणी सवंगड्यांची आठवण ठेवून त्यांनी ती गाणी लिहिली होती. १९४३ मध्ये ३३३ छोट्या स्वरवाचनाच्या धड्यांचे पुस्तक आले. येनो आदाम या त्यांच्या शिष्याने १९४४ मध्ये शिक्षकांसाठी पद्धतशीर ग्रंथ लिहिला. बालवाडीतल्या संगीतावरही कोडायांनी लिहिले. तीन ते सात ही वर्षे हुकली तर नंतरची भरपाई फार अवघड, असे त्यांचे मत होते. मुलाचे संगीतशिक्षण कधी सुरू करावे, याला त्यांनी एकदा जन्माआधी नऊ महिने असे उत्तर दिले आणि नंतर तेही मागे नेऊन आईच्या जन्माआधी नऊ महिने असे केले. अभिमन्यूची गोष्ट ऐकून वाढलेल्या आपल्याला हा विनोद वाटत नाही.

या कामाची किंमतही त्यांनी मोजली. बार्टोक एकामागून एक मोठ्या वाद्यकृती लिहीत होते, त्यांचे नाव जगभर होत होते. कोडायांनीही ‘हारी यानोश’सारखे हसरे संगीतनाट्य दिले, १९३३ मध्ये गालांट्याचे नृत्यसंगीत लिहिले, पण पुढे पुढे मोठ्या वाद्यकृती विरळ झाल्या. एवढी प्रतिभा शाळेच्या फळ्यापाशी खर्च होते आहे, असे वाटणारे लोक होते. हिशोब कसा मांडावा हे ज्याचे त्याने ठरवायचे.

१९४० मध्ये बार्टोक अमेरिकेला निघून गेले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले. कोडाय देश सोडून गेले नाहीत. एम्मा ज्यू वंशाची होती, आणि १९४४ मध्ये हंगेरीत ज्यूंची जी धरपकड झाली तिच्यात ही साधी गोष्ट नव्हती. शहराला वेढा पडला तेव्हा नवरा-बायको आधी एका मठाच्या तळघरात आणि मग ऑपेराच्या इमारतीत आसऱ्याला होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये, बाहेर लढाई चालू असताना, कोडायांची ‘मिसा ब्रेव्हिस’ ही प्रार्थनारचना त्या ऑपेराच्या कोट-टोप्या ठेवायच्या खोलीत पहिल्यांदा गायली गेली.

युद्धानंतर सरकारे बदलली, पण कोडायांची मागणी बदलली नाही. गाण्याचा तास रोज, गणितासारखा. अखेर १९५० साली ती एका शाळेपुरती मान्य झाली, आणि ती शाळा योगायोगाने त्यांच्याच जन्मगावची, केचकेमेटची. मार्ता नेमेससेगी या शिक्षिकेने ती उभी केली. गाण्यात वेळ गेल्याने मुले इतर विषयांत मागे पडतील, ही भीती तिथेही होती. शिक्षकांना उलट असे दिसले की रोज गाणारी मुले वाचनात आणि गणितातही चांगली चालतात. १९६० नंतरच्या दशकात अशा शाळा शंभरावर गेल्या. १९५१ मध्ये हंगेरियन लोकसंगीताच्या महाकोशाचा पहिला खंड निघाला. कोडाय आणि बार्टोक यांनी तरुणपणी सुरू केलेल्या कामाचे ते फळ. आणि त्या पहिल्या खंडाचा विषय कोणता? मुलांच्या खेळातली गाणी.

एम्मा गेल्यानंतर वर्षभराने त्यांनी शारोल्ता या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीशी लग्न केले, तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. पहिली बायको वीस वर्षांनी मोठी, दुसरी अठ्ठावन्न वर्षांनी लहान. शारोल्ताबाईंनी पुढे त्यांचे काम निष्ठेने सांभाळले. १९६४ मध्ये जगभरचे संगीतशिक्षक बुडापेस्टला परिषदेसाठी जमले, तिथल्या शाळकरी मुलांचे गाणे ऐकून परत गेले, आणि अमेरिकेपासून जपानपर्यंत ‘कोडाय पद्धत’ हे शब्द रूढ झाले. ६ मार्च १९६७ रोजी कोडाय वारले. २०१६ मध्ये युनेस्कोने लोकसंगीत जतन करण्याच्या त्यांच्या विचाराची जगापुढचे उदाहरण म्हणून नोंद केली. खुद्द हंगेरीत मात्र सर्वसाधारण शाळांतले गाण्याचे तास नंतर कमी होत गेले. वेळापत्रकाचा शत्रू सगळीकडे सारखाच.

आपल्याकडे विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा कोडाय बुडापेस्टला विद्यार्थी होते. पलुस्करांनीही मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’ लिहिले. भातखंड्यांनी गावोगाव हिंडून बंदिशी मिळवल्या आणि क्रमिक पुस्तके केली. तेव्हा आपल्याजवळ काही नव्हते असे नाही. हलता सा आहे, भूप आहे, बोल आहेत, ओव्या आणि भोंडला आहे. कोडायांना जे जे देशोदेशींहून उसने आणावे लागले त्यातले बरेचसे आपल्या घरातच पडलेले आहे. नाही तो फक्त वेळापत्रकातला रोजचा अर्धा तास, आणि मागच्या रांगेतल्या मुलालाही गाता येते यावर विश्वास असणारा मास्तर.

येत्या पालकसभेत गणिताचे आणि इंग्रजीचे गुण विचारून झाले की एक प्रश्न आणखी विचारायला हरकत नाही: आमच्या मुलांना गाणे कोण शिकवते?